फायटर इतर माशांबरोबर राहतो का? आमच्या दोन फुटी टाकीचे नऊ महिने

मागच्या वर्षी मार्चमध्ये लेकीला मैत्रिणीच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून बरणीत एक फायटर मासा मिळाला. निळाशार, लांब पंखांचा, दीड लिटरच्या काचेच्या बरणीत. तिने नाव ठेवलं निळू. आम्ही रोज नळाचं ताजं पाणी भरायचो, भूक लागली असेल म्हणून दिवसातून चार वेळा दाणे टाकायचो, आपण खूप छान सांभाळतोय असं वाटत होतं. २१ एप्रिलला सकाळी निळू तळाशी आडवा पडलेला दिसला. सोसायटीच्या बागेत जास्वंदीखाली त्याला पुरलं आणि वर येताना जिन्यात लेक म्हणाली, "आई, तो एकटा होता म्हणून गेला का गं?"

ती आठ वर्षांची आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग रात्री-रात्री जागून वाचायला लागले आणि कळलं की तो एकटेपणाने नाही गेला. आम्ही टाकलेलं जास्तीचं खाणं आणि त्याची शी यातून बरणीत अमोनिया साठत होता, त्यात रोजचं क्लोरीनवालं पाणी. पण तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. फायटर खरंच कुणाबरोबर राहू शकतो का? कुणी म्हणतं मुळीच नाही, कुणी म्हणतं आमच्याकडे दहा माशांबरोबर मजेत आहे. नऊ महिने हे करून बघितल्यावर जे कळलं ते क्रमाने लिहिते, कारण मला तेव्हा मराठीत असं सलग लिहिलेलं कुठे सापडलं नव्हतं.

पहिली अडचण माशांची नव्हतीच, घराची होती. आम्ही डोंबिवलीत भाड्याने राहतो, अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत साधारण ५६ लिटर पाणी मावतं, काच, रेती, स्टँड धरून वजन ७५-८० किलोच्या घरात जातं. घरमालक काकांना फोन केला तर ते म्हणाले, माझी हरकत नाही पण खालच्या फ्लॅटमध्ये गळालं तर? सेक्रेटरींनी पण तेच विचारलं. म्हणून एका कागदावर सरळ अर्ज लिहिला, टाकीचं माप, किती लिटर, कुठल्या भिंतीला लागून ठेवणार, गळती झाली तर खर्च आमचा. दोघांच्या सह्या मिळायला सहा दिवस लागले. भाड्याने राहत असाल तर हे तोंडी ठेवू नका, अर्जाचा फोटो काढून ठेवा. आमचं अ‍ॅग्रीमेंट रिन्यू करताना तोच कागद उपयोगी पडला.

९ जूनला, रविवारी, टाकी आणली. झाकणासकट २,४००, लोखंडी स्टँड १,२००. झाकण हवंच, फायटर उडी मारतो. पण पाणी काठोकाठ भरायचं नाही, वर दोन-तीन बोटं हवा सोडायची, कारण फायटरला कल्ल्यांबरोबरच डोक्यात हवेतून श्वास घ्यायला एक वेगळा अवयव असतो, त्याला लॅबिरिंथ म्हणतात, तो मधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो. स्पंज फिल्टर ३५०, त्याचा एअर पंप ४५०, हीटर ६५०. मोटरवाला मोठा फिल्टर मुद्दाम घेतला नाही, लांब पंखांच्या फायटरला त्या धारेत पोहणं म्हणजे वादळात साडी सांभाळत चालण्यासारखं आहे.

दुकानदार म्हणाले, ताई आजच पाणी भरा, हे निळं औषध टाका आणि संध्याकाळी मासे सोडा. फायटरला एवढी टाकी कशाला, तो डबक्यात जगतो. हे वाक्य मी त्यानंतर तीन दुकानांत ऐकलं. तो मूळचा थायलंडकडचा, तिथल्या भातशेतातला आणि उथळ पाणथळीतला, २०१९ मध्ये तिथल्या सरकारने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलंय. आपल्या कोकणातलं भाताचं खाचर डोळ्यासमोर आणा. पाणी घोट्याएवढं असेल पण लांबवर पसरलेलं, गवताने भरलेलं, पळायला-लपायला जागाच जागा. उथळ म्हणजे बरणी नव्हे.

मासे न आणता घरी आलो. लेक रुसली.

आता सायकलिंग, म्हणजे मासे आणण्याआधी टाकीत उपयोगी जीवाणू वाढवणं. हा भाग सगळ्यात कंटाळवाणा, पण याच्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. माशाच्या शीतून अमोनिया होतो, तो विषारी. एक प्रकारचे जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते पण विषारी. दुसरे जीवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते थोड्या प्रमाणात चालतं आणि पाणी बदललं की कमी होतं. हे जीवाणू स्पंजमध्ये, रेतीत, काचेवर वस्ती करतात आणि ती वस्ती व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. १२ जूनपासून रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकायला लागले, ते कुजून अमोनिया व्हावा म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "अगं मासे कुठायत, खायला कुणाला घालतेस?" त्यांना समजावून सांगितलं, ते विरजणासारखं आहे आई, आधी विरजण लागू दे. ते त्यांना लगेच पटलं.

थेंबवालं टेस्ट किट घेतलं, ३,४००. सगळ्यात महाग वस्तू हीच, हात आखडत होता, पण पट्टीवाल्या टेस्टपेक्षा हेच घ्या. छोट्या काचनळीत पाच मिली पाणी, अमोनियाच्या दोन बाटल्यांचे आठ-आठ थेंब, पाच मिनिटं थांबायचं आणि रंग कार्डाला लावून बघायचा. पिवळा म्हणजे शून्य, जितका हिरवा तितकं वाईट. नायट्राइट आकाशी असलं तर ठीक, जांभळं झालं तर थांबा. नायट्रेटची दुसरी बाटली वापरण्याआधी अर्धा मिनिट जोरात हलवावी लागते, तळाशी औषध बसलेलं असतं, मी आधी हलवत नव्हते म्हणून दोन आठवडे खोटं शून्य येत होतं.

२६ जूनला पहिल्यांदा नायट्राइटची नळी जांभळी झाली. लेकीने कॅलेंडरवर त्याच रंगाचा ठिपका काढला. मग १४ जुलैला माझ्याकडून चूक झाली, स्पंज काळा पडलेला दिसला म्हणून काढून नळाखाली स्वच्छ धुतला. क्लोरीनच्या पाण्याने महिनाभराची वस्ती बरीचशी गेली असणार, कारण उतरायला लागलेलं नायट्राइट दोन दिवसांत परत गडद जांभळं. रडायला आलं खरं सांगते. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात, बादलीत, हलकेच दाबून. मुंबईत राहणाऱ्या एका मैत्रिणीने तिच्या जुन्या टाकीतल्या स्पंजचा एक तुकडा पिशवीत ओला ठेवून पाठवला, तो आमच्या फिल्टरला बांधला आणि गाडी परत रुळावर आली. पण असा स्पंज ज्या टाकीत बरेच महिने कुठला आजार नाही तिथलाच घ्यावा.

१ ऑगस्टला अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. सलग तीन दिवस. अर्धं पाणी बदललं आणि ३ तारखेला शनिवारी लेक आणि मी क्रॉफर्ड मार्केटला. सीएसएमटीला उतरून चालत जाता येतं. डोंबिवलीहून तास-सव्वा तास, परतीला दुपारची गाडी पकडा, गर्दीत पिशव्या सांभाळणं फार अवघड.

क्रम महत्त्वाचा. आधी शांत मासे, फायटर सगळ्यात शेवटी. तो आधी गेला की पूर्ण टाकी त्याची मालमत्ता होते आणि मागून येणारा प्रत्येक जण घुसखोर. आठ हार्लेक्विन रासबोरा घेतले, ६० ला एक, आणि सहा ब्राँझ कोरी, ८० ला एक. कोरी तळाशी फिरणारे, मिशावाले, स्वभावाने गरीब, त्यांच्यासाठी बारीक वाळू हवी, टोकदार खडीने मिशा झिजतात. रासबोरा मध्यात फिरतात, चपळ असतात, पंख छोटे आणि साधे. दुकानात गप्पी घ्याच म्हणून खूप आग्रह झाला. गप्पी म्हणजे तेच, डासांच्या अळ्या खायला पाण्यात सोडतात ते, पण विकायला असतात ते रंगीत, लांब शेपटीचे. फायटरला ती शेपटी बघून दुसरा फायटरच आला असं वाटतं. टायगर बार्ब उलटे, ते फायटरचेच पंख कुरतडतात. गोरामी त्याचे नातेवाईक, तिथे भाऊबंदकी. एंजल मासा पण नको.

पिशव्या बंदच टाकीत वीस मिनिटं तरंगत ठेवल्या, मग तासभर थोडं थोडं टाकीचं पाणी पिशवीत घालत गेले, आणि मासे जाळीने सोडले. पिशवीतलं पाणी टाकीत ओतायचं नाही. पहिल्या रात्री कोरी अचानक सुसाट वर येऊन परत खाली जायचे, मी घाबरले, नंतर कळलं ते पण हवेचा घोट घेतात.

१७ ऑगस्टला फायटर आणला. लाल-केशरी, लेकीने नाव ठेवलं पळस. ३५०. दुकानात प्लॅस्टिकच्या ग्लासांची रांग होती, मध्ये पुठ्ठे लावलेले. त्याला सरळ टाकीत सोडला नाही, आधी २० लिटरच्या वेगळ्या टाकीत तीन आठवडे. ती टाकी ६०० ची, छोटा स्पंज २००, दुसरा हीटर ४५०. हा खर्च टाळावासा वाटतो, मलाही वाटला होता, पण कळकळीने सांगते, ही छोटी टाकी नसेल तर फायटरला इतरांबरोबर ठेवायच्या भानगडीत पडू नका. आजारी असेल तर इथे कळतं, आणि नाही पटलं तर त्याला परत जायला घर असतं.

छोट्या टाकीत बदामाची पानं टाकली. आमच्या सोसायटीच्या गेटजवळ बदामाचं मोठं झाड आहे, तेच ते, लाल होऊन पानं गळतात ते. झाडावरची हिरवी तोडायची नाहीत, गळून वाळलेली तपकिरी घ्यायची, धुवायची, एक पान पुरतं. दोन दिवसांत पाणी कोऱ्या चहासारखं झालं. सासूबाईंना वाटलं पाणी खराब झालं. पण त्या पाण्यात पळसचे चुरगळलेले पंख मोकळे झाले, आठवड्याभरात शेपूट पंख्यासारखी उघडायला लागला.

८ सप्टेंबर, गणपती बसले त्याच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी मोठ्या टाकीतली लाकडं आणि झाडं इकडची तिकडे केली म्हणजे सगळ्यांनाच जागा नवी. पोट भरून खायला घातलं, दिवा बंद केला आणि संध्याकाळी पळसला सोडला. आरतीचे आवाज चालू होते खाली आणि आम्ही तिघी जमिनीवर बसून काचेकडे बघत. पहिला अर्धा तास तो काचेच्या कडेने फिरला. मग एक रासबोरा जवळून गेला आणि पळसने कल्ले फुलवले, मानेभोवती काळी झालर उभी राहिली, अंग इंग्रजी एससारखं वाकडं केलं आणि झेप. रासबोरा निसटला. हे थोडं चालतं, सुरुवातीला दम देणं नॉर्मल आहे, तो दम देऊन थांबतो की पाठलाग करतो ते बघायचं.

पळस पाठलाग करत होता. दुसऱ्या दिवशी कमी झाला, जिवात जीव आला. तिसऱ्या दिवशी परत. पाचव्या दिवशी ऑफिसमधून आले तर आठही रासबोरा हीटरच्या मागे एका कोपऱ्यात चिकटून, एकाची शेपटी अर्धी नाही, एका कोरीच्या पाठीवर पांढरा ओरखडा. आणि पळस मध्ये एकटा, डौलात. त्या क्षणी त्याचा राग आला, मग लगेच वाईट वाटलं, त्याने काय चुकीचं केलं, त्याचा स्वभाव तो. जाळीने काढून छोट्या टाकीत ठेवला. शेपटी तुटलेला रासबोरा स्वच्छ पाण्यात दीड आठवड्यात बरा झाला, रोज पाव पाणी बदलत होते, औषध काही घातलं नाही.

एक प्रयत्न अजून केला. आणखी अ‍ॅन्युबियस आणि जावा फर्न ही पाण्यातली झाडं आणली, दाट करून टाकलं. २९ सप्टेंबरला पळसला पारदर्शक डब्यात मोठ्या टाकीतच चार दिवस तरंगत ठेवला, नजरेची सवय व्हावी म्हणून. तो चारही दिवस डब्याच्या भिंतीवर डोकं आपटत कल्ले फुलवत राहिला, खाणं सोडलं, अंगावर फिक्या आडव्या रेघा आल्या, हे घाबरल्याचं किंवा ताणाचं लक्षण. डब्यातून सोडलाच नाही. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, त्याला कायमचा त्याच्या टाकीत नेला आणि ठरवलं, हा एकटा राहणारा मासा आहे. तिथे गेल्यावर दुसऱ्या दिवशी पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधलेलं दिसलं. लेक म्हणाली, "त्याला एकटंच आवडतं गं." मला वाटलं हिचा एप्रिलमधला प्रश्न अर्धा सुटला.

मग मादी. वाचनात आलं होतं की एकटी मादी बऱ्याचदा पटवून घेते. चार-पाच माद्या एकत्र ठेवायचा प्रकार पण लोक करतात, त्याला मोठी टाकी लागते आणि तरी एक दिवस अचानक बिनसतं, त्या वाटेला मी गेले नाही. नर-मादी जोडी म्हणून दुकानात विकतात ते तर अजिबात एकत्र ठेवायचे नाहीत, अंडी घालून झाली की नर घरट्याची राखण करतो आणि मादीला जवळ येऊ देत नाही, छोट्या जागेत मारूनही टाकतो.

१२ ऑक्टोबर, दसरा. माद्या एका कोपऱ्यात होत्या, छोट्या पंखांच्या, मळकट रंगाच्या, ९० रुपयांना. यावेळी घाई केली नाही, जवळजवळ पाऊण तास तिथेच उभ्या होतो. दुकानातल्या दादांना विचारून दोन ग्लासांमधला पुठ्ठा काढून बघितला. एक मादी शेजारणीवर तुटून पडत होती, दुसरी कोपऱ्यात दबून बसली. तिसरीने एकदा कल्ले फुलवले, शेजारणीकडे नीट बघितलं आणि वळून ग्लासाच्या तळाशी काहीतरी शोधायला लागली. तीच घेतली. फिक्या जांभळट रंगाची, पोटाखाली मादीचा पांढरा ठिपका स्पष्ट दिसत होता. नाव जांभळी. पळसच्या वेळी आम्ही फक्त रंग बघितला होता.

परत तीन आठवडे वेगळं, यावेळी झाकणाच्या प्लॅस्टिकच्या टबमध्ये, कारण छोटी टाकी पळसची झाली होती. ३ नोव्हेंबरला, भाऊबीजेला, परत लाकडं हलवली, दिवा बंद, पोटभर खाणं. जांभळी आत गेली, अ‍ॅन्युबियसच्या रुंद पानावर टेकली आणि दहा मिनिटं तशीच बसून राहिली. मग रासबोराच्या थव्याकडे गेली, एकाला ढुशी दिली, थवा फुटला, परत जमला. ती वळली. मी रात्री दोन वाजेपर्यंत टॉर्च घेऊन बघत होते. ती त्याच पानावर झोपली होती आणि तिच्या बरोब्बर खाली दोन कोरी.

पहिले पंधरा दिवस रोज सकाळ-संध्याकाळ सगळे मासे मोजले आणि शेपट्या बघितल्या. डिसेंबरमध्ये एक नवीन गोष्ट लक्षात आली, जांभळीचं पोट फुगत होतं. खवले उभे राहिले नव्हते म्हणून ड्रॉप्सी, म्हणजे अंगात पाणी साठून फुगण्याचा आजार, नाही एवढं समजलं. झालं असं की ती कोरीसाठी तळाशी टाकलेल्या गोळ्या पण खात होती. दोन दिवस उपास दिला, पोट उतरलं. आता तिला आणि रासबोरांना वर चार-चार दाणे, दिवा बंद झाल्यावर अर्ध्या तासाने कोरीच्या गोळ्या, आणि मंगळवारी सगळ्यांना उपास. सासूबाईंचा पण मंगळवार असतो, त्या आठवण करतात.

जानेवारीत एकदा साडेचार तास लाइट गेली. फायटर हवेतून श्वास घेतो म्हणून तग धरतो पण रासबोरा वर येऊन धापा टाकायला लागले, तेव्हा मगाने पाणी काढून उंचावरून परत ओतत बसले. दुसऱ्या दिवशी सेलवर चालणारा एअर पंप आणला, ३२०. पाणी दर रविवारी पाव बदलते, क्लोरीन मारायचं औषध आधी बादलीत. पावसाळ्यात नळाला क्लोरीनचा वास जास्त येतो तेव्हा औषधाचं प्रमाण बाटलीवर वाचूनच, अंदाजाने नाही. एकूण खर्च माशांसकट आत्तापर्यंत साधारण १३,८०० झाला, एकदम नाही, नऊ महिन्यांत.

आज १६ मार्च. पाणी २९ डिग्रीला गेलंय, हीटर बंद केला, झाकण थोडं उघडून त्यावर जाळी बांधली आणि बाजूला टेबलफॅन लावला, त्याने दोनेक डिग्री उतरतं. पळस त्याच्या टाकीत आहे, खिडकीपासून लांब, रोज संध्याकाळी लेक त्याला काचेला बोट लावून इकडून तिकडे फिरवते. दोन्ही टाक्यांच्या मधोमध एक वही उभी ठेवलीय, नाहीतर जांभळी दिसली की तो दिवसभर कल्ले फुलवत बसतो. आणि जांभळी आत्ता, मी हे टाइप करतेय तेव्हा, त्या पानावर टेकून कोरीच्या गोळ्या पडायची वाट बघतेय.